तारेतली फट

"आकडा कुठाय? एक तरी आकडा दाव मला ह्यात."

ओरडत होते आमचे आबा. सैन्यातून सुभेदार होऊन परतलेल्या माणसाचा आवाज काय असतो, ते ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनाच ठाऊक. सांगलीत आत्याच्या माडीवर आबा ओरडले आणि खाली गल्लीत दूधवाल्याची सायकल जागच्या जागी उभी राहिली. नदीपलीकडच्या गोठ्यातल्या म्हशींनी दोन दिवस दूध दिलं नाही, असं पुढं लोक सांगायचे. लोक सांगत नसतील तर मी सांगते. आबांच्या समोर होतं माझ्या खोलीचं दार, आतल्या अंगानं, वरच्या कडीपासून खाली उंबऱ्यापर्यंत खडूनं भरलेलं. कागदावर लिहिलं की चूक डोळ्यांसमोर बसून राहते, दारावरची हाताच्या पंजानं पुसून टाकता येते, म्हणून मला दाराची सवय लागली होती. त्या दारावर एक्स होता, वाय होता, एप्सिलॉन आणि डेल्टा होते, शेपट्या फुटलेली आणखी चार ग्रीक अक्षरं होती. आकडा मात्र नव्हता. शोधून शोधून मला कोपऱ्यात एक शून्य सापडलं, ते मी लगबगीनं बोटानं दाखवलं.

"शून्य व्हय," आबा म्हणाले. "ते गणित न येणाऱ्यालाबी मिळतंय. आन ह्यो ए उलटा का टांगलाय?"

उलटा टांगलेला ए म्हणजे 'प्रत्येक', असं मी सांगितलं. मग प्रत्येक असंच लिहायचं, हात मोडलाय का, असं त्यांनी विचारलं. पुढं मी कराडला कॉलेजात गणित शिकवण्यात सगळा जन्म घालवला, पण ह्या प्रश्नाचं धड उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

आबांचा राग एका परीनं रास्त होता. कराडला मी बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झाले, तेव्हाच त्यांनी माझी पुढची वाट आखून ठेवली होती. साताऱ्याला बी.एड. करायचं आणि कराडजवळच्या एका हायस्कुलात चिकटायचं. त्या हायस्कुलाच्या मंडळावर आबांच्या पलटणीतले एक जिवलग होते, त्यांनी जागा धरून ठेवली होती आणि बी.एड.च्या प्रवेशाचंही तेच बघत होते. मी मात्र आत्याला हाताशी धरून सांगलीला एम.एस्सी.त नाव घातलं. त्या वेळी आबा गप्प बसले, कारण त्यांचा एक समज होता. बी.एस्सी.ला लाखातली गणितं असतात, तर एम.एस्सी.ला कोटीतली असणार. पोरगी कोटीतली गणितं करते हे त्यांनी आमच्या गावात पारावर, गिरणीत, सोसायटीत आणि दोन लग्नांच्या पंगतीत सांगून झालं होतं. गावातली माणसं मला बघून वाट सोडू लागली होती. आणि आता आबा जोंधळ्याचं पोतं आणि गुळाची ढेप घेऊन आत्याकडं आले, पोतं ठेवायला माडीवर चढले, तर दारावर कोटी सोडाच, साधा एककसुद्धा नाही.

ते आत्याचं घर आज कुणाला सांगून खरं वाटत नाही. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, हळदीच्या अडतीत दिवाणजी होते. त्यांच्या अंगावरून, धोतरावरून, चपलेतून हळद घरात यायची ती बाहेर जायचं नाव घ्यायची नाही. गाद्या पिवळ्या, कपाट पिवळं, आंघोळीचं पाणी पिवळं. आत्याच्या कौलावर बसणारा एक कावळा वर्षभरात पिवळा झाला आणि त्याच्या जातीच्या कावळ्यांनी त्याला वाळीत टाकलं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पहाटे पहिला आवाज आत्याच्या भाकरी थापण्याचा. तो इतका जोरकस असायचा की शेजारचे लोक त्यावर उठायचे. भाकरी झाली की तव्याचा, मग खलबत्त्यात शेंगदाण्याच्या चटणीचा, मग आत्याचा स्वतःचा. कृष्णाकाठची वांगी ती अशी करायची की मसाला बाहेरून आत भरलाय की आतूनच उगवलाय ते समजू नये. दुपारी चारला भडंग. लसणीचा वास आला की माझ्या डोक्यातली सगळी प्रमेयं हात जोडून उभी राहायची, आधी खाऊन घे म्हणायची. आत्याला गणितातलं काही कळत नव्हतं आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. पोरगी दारावर लिहिते म्हणजे निदान भिंती तरी वाचल्या, एवढाच तिचा हिशेब.

त्या दिवशी मामा माझ्या बाजूनं बोलायला गेले. त्या काळात बाजारात काही जुने व्यापारी अजून रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून सौदा करायचे. तोंडानं भाव बोलायचा नाही, बाजूला उभ्या असलेल्याला काही कळू द्यायचं नाही. मामा म्हणाले, "आवं सुभेदार, आमच्या बाजारात तरी आकडा कुठं दिसतोय? म्हणून काय सौदा हुईत न्हाई व्हय?"

"दाजी, रुमालाखाली बोटं तरी असत्यात. हितं काय हाय?" आबा म्हणाले.

मामांनी रुमाल झटकला आणि ते खाली गेले. मग आबांनी निकाल सांगितला. उद्या ते स्वतः माझ्या वर्गात येऊन बसणार. तिथं गणित दिसलं तर मी सांगलीत राहायचं. नाही दिसलं तर सोमवारी साताऱ्याला त्यांच्याबरोबर जायचं, कारण बी.एड.च्या प्रवेशाची मुदत सोमवारी संध्याकाळपर्यंत होती. आबांनी एकदा वेळापत्रक सांगितलं की त्यात बदल फक्त शत्रू करू शकायचा.

त्या रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. मी झोपले, कारण मला वाटलं होतं की उद्या कुणीतरी दुसरं फळ्यावर जाईल.

आता मुजावर सरांबद्दल सांगायला पाहिजे. ते मिरजेहून सायकलवर यायचे. एवढे बारीक होते की वाऱ्याच्या दिवशी सायकलच त्यांना धरून ठेवते असं आम्ही म्हणायचो. बाकीचे सर टिपणं सांगायचे, आम्ही उतरवायचो, पाठ करायचो आणि परीक्षेत ओतून मोकळे व्हायचो. माझा पहिला वर्ग सगळा त्या ओतण्यावर आलेला होता. मुजावर सर पुस्तक आणायचे नाहीत, टिपण द्यायचे नाहीत. ते एका विद्यार्थ्याला फळ्यावर उभं करायचे, सिद्ध करायची गोष्ट सांगायचे आणि खिडकीपाशी जाऊन बाहेरच्या चिंचेकडं बघत बसायचे. फळ्यावरचा अडला की ते म्हणायचे, "का?" एवढंच. मदत नाही, रागावणं नाही. ते सिद्ध होईपर्यंत पुढचा धडा नाही. वर्गात आम्ही पाच-सहाजण होतो. आधी जास्त होते, पण ह्या 'का'च्या भीतीनं काहीजण रसायनशास्त्राकडं पळाले. तिकडं निदान काहीतरी उकळताना दिसतं.

लोकांना वाटतं, गणित शिकणं म्हणजे अवघड गोष्टी शिकणं. तसं नसतं. अवघड गोष्टी परवडल्या. पहिल्या महिन्यात कळतं की आपल्याला जे जे सोपं वाटत होतं तेच आपल्याला येत नाही. शाळेत आठवीपासून ज्यावर निवांत पाय ठेवून उभे होतो ती फरशी एक-एक करून उचलायला लावतात, आणि खाली बघ म्हणतात. आज माझा नातू मोबाइल समीकरणावर धरतो आणि मोबाइल उत्तर देतो, पायऱ्यांसकट. मी त्याला म्हणते, छान आहे. मोबाइल अजून चिंचेकडं बघत बसून 'का' म्हणत नाही, तोवर माझी पेन्शन हलाल आहे.

शुक्रवारी आबा वर्गात आले. कडक इस्त्रीचा सदरा, मिशांना पीळ, कॅनव्हासचे बूट इतके पांढरे की फळ्याशेजारी ठेवले असते तर त्यांनाच खडू समजून उचललं असतं. त्यांनी सरांना सॅल्यूट ठोकला आणि पोरीचं शिक्षण तपासायला आलोय, असं सरळ सांगितलं. सर म्हणाले, बसा, मी हजेरी घेत नाही. आबा शेवटच्या बाकावर ताठ बसले. आणि सरांनी फळ्यावर मला बोलावलं.

सिद्ध करायची गोष्ट ही अशी. एक आडवी सरळ रेषा आहे. एक वळणावळणाची रेघ त्या रेषेच्या खालून निघते, कुठंही न तुटता जाते आणि शेवटी रेषेच्या वर पोचते. तर ती मधे कुठंतरी रेषेला शिवलीच पाहिजे. बस्स. मला हसू आलं. मी चित्र काढलं, चार ओळी लिहिल्या आणि पाचव्या ओळीत झोकात लिहिलं, 'हे उघड आहे.' ह्या तीन शब्दांवर मी बी.एस्सी.चे तीन पेपर काढले होते.

सर खिडकीतून म्हणाले, "का?"

मी फळ्याकडं बघितलं, चित्राकडं बघितलं. रेघ खालून वर गेली म्हणजे शिवणारच की, ह्यात का कसलं? पण सहावी ओळ काही सुचेना. खडू घामानं ओला झाला. पाच मिनिटं गेली असतील, मला पाच वर्षं वाटली. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून पलटणीला सुनावावं तसा आवाज आला.

"आवं सर, नदीच्या अल्याडचा मानूस पल्याड गेला म्हंजे नदी वलांडलीच की त्यानं. लेकराला कशाला तापिवताय?"

पोरं हसली. सर हसले नाहीत. ते खिडकीपासून उठून पहिल्यांदाच बाकांच्या मधून चालत मागं गेले आणि आबांसमोर उभे राहिले.

"सुभेदारसाहेब, सरहद्दीवर तुमची तार असते. मैलोगणती. बरोबर?"

"बराबर."

"त्या तारेत एके ठिकाणी बारीक फट आहे. कुणाला दिसत नाही अशी. अलीकडचा माणूस त्या फटीतून पलीकडं गेला. तो तारेला शिवला का?"

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मी त्यांना असं गप्प दोनदाच पाहिलं होतं. एकदा आजा गेला तेव्हा, आणि एकदा बैलाच्या शर्यतीत आमचा बैल पंचांना घेऊन ओढ्यात गेला तेव्हा.

"न्हाई शिवला," ते म्हणाले.

"ही फळ्यावरची रेषा आकड्यांची बनलेली आहे. तुमच्या मुलीनं आकडे लिहिले नाहीत कारण ते सगळेच्या सगळे ह्या रेषेत आहेत. तर ह्या रेषेत फट नाही हे कशावरून? ते तिनं सांगायचं आहे."

मला सांगता आलं नाही. तास संपला. सर सगळ्यांना म्हणाले, हे होईपर्यंत पुढं जायचं नाही, आणि सायकल काढून गेले. मी खाली मान घालून आबांच्या मागून चालत होते. सोमवारची बॅग मनातल्या मनात भरत होते. दोन साड्या, डबा, आत्याची चटणी. घरी पोचल्यावर आबा जेवायला बसले. आत्यानं ताट वाढलं. पहिला घास घेऊन ते म्हणाले, "शाले, आमच्या ठाण्यावर एकदा असंच झाल्तं." आणि मग त्यांनी तारेतल्या एका फटीची हकिकत सांगितली. सगळी पलटण महिनाभर तारेवर हात फिरवत चालली, तरी फट गावेना, आणि एक शेळी मात्र रोज इकडून तिकडं जाऊन चरून यायची. माझं खोटं सांगण्याचं कसब कुठून आलं ते तुम्हाला आता समजलं असेल.

तेव्हापासून त्या घरात तोच एक विषय झाला. आबा पहाटे अंगणात कवायत करताना वर बघून विचारायचे, गावली का? मी म्हणायची, फट गावायची नाहीये आबा, फट नाही हे दाखवायचंय. त्यावर ते म्हणायचे, "ते लय अवघड. असल्याली वस्तू दावता येती. नसल्याली कशी दावायची?" ह्याहून नेमकं विशुद्ध गणिताचं वर्णन मी नंतर कुठल्याही परिसंवादात ऐकलं नाही. अर्थात त्यांना ते माहीत नव्हतं, ते फक्त कटकट करत होते. आत्या वैतागली. तिनं मामांना सांगितलं की दादाचं आणि पोरीचं काहीतरी बिघडलंय, दोघं मिळून दाराकडं बघत बसत्यात. मामांनी सुताराला बोलावून दार बदलायचं ठरवलं. आत्यानं नको म्हणून सांगितलं, नवीन दारावर लिहायला पोरीला आणखी जागा मिळेल.

शनिवारी मी परत फळ्यावर गेले आणि परत त्याच ओळीवर अडकले. आबा शेवटच्या बाकावर. ह्या वेळी ते मधे बोलले नाहीत, फक्त मी खडू ठेवला तेव्हा त्यांनी सुस्कारा सोडला, त्यात पहिल्या बाकावरचे कागद उडाले. रविवारी मी दार चार वेळा भरलं आणि चार वेळा पुसलं. माझा उजवा हात कोपरापर्यंत पांढरा आणि घरामुळं बाकीचं अंग पिवळं, असा माझा अवतार होता. जेवताना काय खाल्लं ते आठवत नाही, आणि आत्याच्या हातचं आठवत नाही म्हणजे परिस्थिती किती गंभीर असेल ते बघा. सोमवारी मी निम्म्या वाटेपर्यंत पोचले. रेघ जिथवर खाली आहे त्या सगळ्या जागा गोळा करायच्या, एवढं मला सुचलं होतं. पण गोळा करून त्यांचं करायचं काय? सर म्हणाले, "का?" मी म्हणाले, माहीत नाही. सर म्हणाले, बरं. आणि परत चिंच.

सुचलं ते सोमवारी दिवेलागणीला, मोरीत. ह्या विषयातले मोठे लोक सांगतात की त्यांना बागेत सुचलं, समुद्रावर सुचलं. मला करपलेलं दुधाचं पातेलं घासताना सुचलं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी आम्हाला एक वाक्य पाठ करायला दिलं होतं. ज्या संचाला वरून बंधन आहे, त्याला सगळ्यांत खालचं असं एक वरचं बंधन असतंच. मी ते आरतीसारखं म्हणायची, अर्थाकडं लक्ष न देता, टाळ्यांसकट. पातेल्याच्या बुडाशी काथ्या फिरवता फिरवता ते वाक्य माझ्या तोंडी आलं, आणि पहिल्यांदाच ते मला काहीतरी सांगायला लागलं. ते म्हणत होतं, तारेत फट नाही. तेवढंच तर ते म्हणत होतं, तीन वर्षं, आणि मी ऐकलंच नव्हतं. खालच्या जागा गोळा केल्या की त्यांची हद्द कुठंतरी असणारच. त्या हद्दीवर रेघ कुठं आहे? खाली असेल, तर हद्द आणखी पुढं सरकायला हवी. वर असेल, तर हद्द आधीच संपायला हवी. खाली नाही, वर नाही. मग ती रेषेवरच आहे. मी हातात पातेलं धरून तशीच उभी राहिले. आत्या आली, माझ्याकडं बघितलं, काही न विचारता पातेलं काढून घेतलं आणि स्वतः घासायला बसली. त्या क्षणाबद्दल मला वाढवून सांगता येत नाही. प्रयत्न करून बघितलाय. नंतर मला पदव्या मिळाल्या, लग्न झालं, पोरं झाली, पण डोक्यात एवढा लख्ख उजेड परत कधी पडला नाही. पडला असेल तर तो ह्याच उजेडाचा धाकटा भाऊ.

मंगळवारी मी फळ्यावर गेले आणि एका दमात लिहून काढलं. 'उघड आहे' कुठंही नाही. शेवटच्या ओळीखाली रेघ मारली आणि वळले. सर खिडकीतून उठून आले, वरपासून खालपर्यंत वाचलं, एका ठिकाणी थांबले आणि मग पुढं गेले. त्यांनी वर्गाला विचारलं, काही शंका? शेवटच्या बाकावरून हात वर आला.

"सर, तार सगळी तपासली का? शेवटपतूर?"

"शेवटपर्यंत. मुलीनं तपासली."

आबा उठले, सॅल्यूट ठोकला. ह्या वेळी तो सरांना होता की फळ्याला, ते मला अजून सांगता येणार नाही. सरांनी फळा पुसला आणि पुढचा धडा सांगायला घेतला, जणू काही झालंच नव्हतं.

आज मी साताऱ्यात राहते. आमच्या कॉलनीत सकाळी फिरायला निघावं तर दर तिसऱ्या फाटकावर सुभेदार नाहीतर हवालदार अशी पाटी, आणि प्रत्येक फाटकामागून कुणीतरी ओरडत असतं. मला ते आवडतं. नातवाला वाटतं आजीला ऐकू कमी येतं.

तास सुटल्यावर आम्ही कॉलेजच्या फाटकाबाहेर आलो. रिक्षावाले, भडंगवाला, भिजलेली सडक. माझ्या डोक्यात अजून तीच ओळ घोळत होती, आणि एकदम साताऱ्याची आठवण झाली. चार दिवस मी वार, तारीख, काही बघितलं नव्हतं. आबांनी मला राहा म्हणून सांगितलेलं नव्हतं, ये म्हणूनही नव्हतं. मी धीर करून त्यांना विचारलं की साताऱ्याची गाडी कधी पकडायची, बी.एड.चा प्रवेश घ्यायचा राहिलाय ना.

आबांनी भडंगाची पुडी बांधून घेतली, खिशात घातली, मिशीवरून हात फिरवला.

"त्याची मुदत काल संपली," ते म्हणाले.